पवनचक्कीचे पाते

पवनचक्कीचे पाते हा वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्कीचा वाऱ्यातील गतिज ऊर्जा ग्रहण करणारा भाग होय. आधुनिक पवनचक्कीस सामान्यतः तीन पाती असतात. ती मधल्या हबला, म्हणजे बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यासारख्या भागाला, बोल्टांनी जोडलेली असतात. पाती व हब मिळून जे फिरते चक्र तयार होते त्यास रोटर म्हणतात. आजची जवळजवळ सर्व मोठी पाती काचतंतू व रेझीन यांच्या संमिश्र पदार्थाची, म्हणजे लोकभाषेतील 'फायबर'ची, बनविलेली असतात. पाते बाहेरून अखंड दिसत असले तरी आतून ते पोकळ असते. त्याचे वजन, ताठपणा व टिकाऊपणा यांवर पवनचक्कीची उत्पादनक्षमता आणि आयुष्य अवलंबून असते.

महाराष्ट्रात सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार व अहिल्यानगर या जिल्ह्यांत, तसेच मराठवाड्यात बालाघाट डोंगररांगेच्या परिसरातील बीड व धाराशिव जिल्ह्यांत पवनचक्क्या उभ्या आहेत. धुळे जिल्ह्यात पात्यांची निर्मितीही होते.

इतिहास

धान्य दळण्यासाठी व पाणी उपसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या पवनचक्क्यांची पाती लाकडी सांगाड्यावर कापड ताणून किंवा फळ्या ठोकून केलेली असत. वीजनिर्मितीसाठी मोठी चक्रे बांधण्याचे प्रयत्न सुरू झाल्यावर पात्यांसाठी पोलादाचा वापर झाला. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १९४१ मध्ये उभारलेल्या स्मिथ-पटनम पवनचक्कीची क्षमता १.२५ मेगावॉट आणि चक्राचा व्यास सुमारे ५३ मीटर होता. तिला दोन पोलादी पाती होती. २६ मार्च १९४५ रोजी सुमारे ८ टन वजनाचे एक पाते मुळापाशी तुटून पडले आणि तो प्रकल्प तेथेच थांबला. जड धातूचे पाते वारंवार उलटसुलट होणाऱ्या ताणाखाली कसे थकते, याचे हे उदाहरण आजही अभ्यासले जाते.

डेन्मार्कमध्ये योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॉट क्षमतेची, २४ मीटर व्यासाची तीन पात्यांची पवनचक्की उभारली. तिच्या पात्यांत पोलादी कणा, लाकडी सांगाडा आणि ॲल्युमिनियमचे आवरण होते. याच सुमारास जर्मनीत उलरिश ह्यूटर यांनी ३४ मीटर व्यासाच्या व १०० किलोवॉट क्षमतेच्या पवनचक्कीसाठी काचतंतूंची पाती बनविली. काचतंतूंचे पट्टे बोल्टांभोवती वळवून पाते हबला जोडण्याची त्यांची पद्धत पुढे डेन्मार्कमधील त्विन्द येथील शिक्षकांनी व स्वयंसेवकांनी स्वतः बांधलेल्या पवनचक्कीत वापरली. १९७८ मध्ये सुरू झालेल्या त्या पवनचक्कीच्या चक्राचा व्यास ५४ मीटर होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर डेन्मार्कमध्ये वाढलेल्या पवनचक्की उद्योगाने काचतंतूंचे पाते सर्वमान्य केले. नौकाबांधणीतील कारागिरांना फायबरचे काम अवगत होते, याचा त्या उद्योगाला मोठा लाभ झाला.

१९८०च्या दशकातील पाती ५ ते १० मीटर लांबीची असत. २०१९ मध्ये एलएम विंड पॉवर या कंपनीने फ्रान्समधील शेरबूर येथे १०७ मीटर लांबीचे पाते तयार केले.

कार्यतत्त्व

वाऱ्यातील शक्ती ही हवेची घनता, चक्राने व्यापलेले क्षेत्रफळ आणि वाऱ्याच्या वेगाचा घन यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. हवेची घनता दर घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम धरल्यास, ५ मीटर प्रतिसेकंद वेगाच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे ७७ वॉट शक्ती असते. वेग दुप्पट, म्हणजे १० मीटर प्रतिसेकंद झाला, की हीच शक्ती आठपट होऊन सुमारे ६१२ वॉट होते. ही सर्व शक्ती काढून घेता येत नाही. सर्व ऊर्जा काढून घेतल्यास चक्रामागील हवा स्थिर होईल आणि नव्या हवेला वाटच उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२०च्या सुमारास सिद्ध केले की कोणतेही चक्र वाऱ्यातील जास्तीत जास्त १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के शक्तीच घेऊ शकते. चांगली आधुनिक पाती यांपैकी ४५ टक्क्यांच्या आसपास मजल गाठतात.

पाते वाऱ्याने केवळ ढकलले जाऊन फिरत नाही. त्याचा आडवा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. त्यावरून हवा वाहताना दोन बाजूंच्या दाबांत फरक पडून उत्थापक बल निर्माण होते आणि त्याचा फिरण्याच्या दिशेतील घटक चक्राला गती देतो. हवेच्या विरोधाने निर्माण होणारे रोध बल शक्य तितके कमी ठेवणे हे आकार ठरविताना मुख्य उद्दिष्ट असते.

पात्याला पीळ का असतो?

पात्याच्या मुळापासून टोकाकडे जाताना त्याला हळूहळू पीळ दिलेला असतो. ४४ मीटर त्रिज्येचे चक्र मिनिटाला १७ फेरे घेत असेल, तर पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ७८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने जाते. त्याच वेळी केंद्रापासून १० मीटरवरील भाग सेकंदाला सुमारे १८ मीटर इतकाच वेग गाठतो. समोरून येणारा वारा १० मीटर प्रतिसेकंद असेल, तर चक्रापाशी पोहोचेपर्यंत तो मंदावून ७ मीटरच्या आसपास येतो. हे दोन वेग एकत्र केले असता हवा टोकाला चक्राच्या प्रतलाशी सुमारे ५ अंशांच्या, तर १० मीटरवर सुमारे २० अंशांच्या कोनात भिडते. प्रत्येक ठिकाणी हवा योग्य कोनात भिडावी म्हणून मुळाकडचा भाग अधिक वळलेला आणि टोक जवळजवळ सपाट ठेवावे लागते. टोकाचा वेग अधिक असल्याने तेथे रुंदीही कमी पुरते. म्हणून पाते टोकाकडे निमुळते होत जाते.

अंतर्गत रचना

पात्याचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात:

कवच: पात्याला बाहेरचा आकार देणारे दोन अर्धे भाग. प्रत्येक भागात काचतंतूंच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम यांचा हलका गाभा असतो. बाल्सा हे अतिशय हलके लाकूड असून त्याचा सर्वांत मोठा पुरवठा दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातून होतो.

स्पार कॅप: पात्याच्या लांबीभर दोन्ही कवचांत असणारे जाड पट्टे. यांतील तंतू एकाच, म्हणजे लांबीच्या दिशेत असतात. वाऱ्याच्या दाबाने पाते वाकते तेव्हा एका बाजूच्या पट्ट्यावर ताण व दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यावर दाब येतो.

आतील उभे पडदे: दोन पट्ट्यांना जोडणाऱ्या भिंती. इमारतीतील लोखंडी गर्डरच्या मधल्या उभ्या पट्टीचे काम हे पडदे करतात.

पुढची व मागची कड: या ठिकाणी दोन कवचे चिकटद्रव्याने जोडलेली असतात.

मूळ: हबला जोडला जाणारा गोल, जाड भाग. येथे पोलादी बोल्ट बसविलेले असतात. पात्यावरील सर्व भार येथूनच हबकडे जातो.

वीजवाहक तार: टोकाजवळ बसविलेल्या धातूच्या चकतीपासून मुळापर्यंत जाणारी जाड तार. पाते हा पवनचक्कीचा सर्वांत उंच जाणारा भाग असल्याने वीज बहुधा त्यावरच पडते. तारेअभावी आतील ओलावा क्षणात तापून पाते फाटू शकते.

साहित्य

काचतंतू हे वितळलेल्या काचेपासून ओढलेले, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाडीचे धागे असतात. ते ताणाला अतिशय बळकट असतात. परंतु सुटे धागे दाब सोसू शकत नाहीत. त्यांना एकत्र धरून ठेवण्याचे व एका धाग्याकडून दुसऱ्याकडे भार पोहोचविण्याचे काम रेझीन, म्हणजे कृत्रिम राळ, करते. रेझीनसाठी इपॉक्सी, पॉलिएस्टर किंवा व्हिनिल एस्टर वापरतात. मातीच्या भिंतीत गवताचा भुसा मिसळल्याने ती तडकत नाही, हे ग्रामीण महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. संमिश्र पदार्थामागील कल्पना याच जातीची आहे.

एकाच दिशेत तंतू असलेल्या काचतंतू-इपॉक्सीची घनता पोलादाच्या सुमारे एक चतुर्थांश असते. हा पदार्थ गंजत नाही, साच्यात हवा तो आकार घेतो आणि वारंवार येणारा ताण चांगला सोसतो. मात्र त्याचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक पंचमांशच असतो. त्यामुळे लांब पात्याबाबत 'ते तुटेल का' या प्रश्नाइतकाच 'ते वाकून मनोऱ्याला धडकेल का' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. यावर उपाय म्हणून पाते मुळातच वाऱ्याच्या दिशेने पुढे किंचित वाकविलेले बनवितात, चक्राचा आस थोडा वर कलता ठेवतात आणि फार लांब पात्यांच्या मुख्य पट्ट्यांत कार्बन तंतू वापरतात. कार्बन तंतू काचतंतूंच्या तिपटीहून अधिक ताठ व वजनाने हलके असले तरी पुष्कळ महाग असतात.

अभिकल्प

पात्याची लांबी दुप्पट केल्यास व्यापलेले क्षेत्र, पर्यायाने मिळणारी शक्ती, चौपट होते. पण सर्व मापे त्याच प्रमाणात वाढविल्यास वजन आठपट होते. या विसंगतीमुळे लांबी वाढविताना प्रत्येक वेळी रचना नव्याने हलकी करावी लागते.

पात्यावर तीन प्रकारचे भार प्रामुख्याने येतात. पहिला वाऱ्याच्या दाबाचा, दुसरा फिरण्यामुळे बाहेरच्या दिशेने येणाऱ्या ताणाचा आणि तिसरा स्वतःच्या वजनाचा. तिसरा भार दिसायला साधा, पण फसवा असतो. पाते एका बाजूने वर जाताना वजनामुळे त्याच्या एका कडेवर ताण येतो, तर दुसऱ्या बाजूने खाली येताना त्याच कडेवर दाब येतो. मिनिटाला १७ फेरे या गतीने चक्र २० वर्षे अखंड फिरले, तर हा उलटसुलट भार सुमारे १८ कोटी वेळा येतो. प्रत्यक्षात चक्र काही काळ थांबलेले असते. तरीही हा आकडा कोटींतच राहतो. अशा आवर्ती भारामुळे पदार्थ हळूहळू दुबळा होण्याच्या क्रियेस श्रांती म्हणतात. एका वादळात तुटण्यापेक्षा श्रांतीने वर्षानुवर्षे वाढत गेलेली भेग हाच अभिकल्पकाच्या चिंतेचा मोठा विषय असतो.

निर्मिती

मोठी पाती पूर्ण लांबीच्या दोन साच्यांत बनवितात. कामाचे टप्पे साधारणपणे असे असतात:

१. साचा स्वच्छ करून त्यावर पाते सुटावे म्हणून मेणासारख्या द्रव्याचा थर देतात. अनेक कारखान्यांत त्यावर बाह्य रंगाचा पहिला थर देतात.

२. काचतंतूंचे कापड ठरलेल्या क्रमाने व दिशेने अंथरतात. मुळाशी थरांची संख्या सर्वाधिक असते व टोकाकडे ती कमी होत जाते.

३. आधी तयार केलेले मुख्य पट्टे आणि बाल्सा किंवा फोम यांचे तुकडे जागेवर बसवून त्यांवर पुन्हा कापड अंथरतात.

४. सर्वांवर प्लॅस्टिकची पिशवी हवाबंद चिकटवून पंपाने आतील हवा काढून घेतात. बाहेरील हवेच्या दाबाने थर घट्ट आवळले जातात. या वेळी गळती नसल्याची कसून तपासणी होते.

५. रेझीन व हार्डनर यांचे मिश्रण नळ्यांतून आत सोडतात. निर्वातामुळे ते कापडात सर्वत्र शोषले जाते.

६. साचा ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून रेझीन पक्के करतात. पक्के होताना रेझीन स्वतःही उष्णता सोडते. मुळासारख्या जाड भागात ही उष्णता साठून पदार्थ करपू नये म्हणून तापमान टप्प्याटप्प्याने वाढवितात.

७. एका कवचात उभे पडदे चिकटवून, कडांवर चिकटद्रव्य घालून, दुसरा साचा त्यावर पालथा घालतात.

८. जोड पक्का झाल्यावर पाते साच्याबाहेर काढून कडा घासतात, मुळाचे तोंड समपातळीत कापतात, रंग देतात व वजन करतात. एका पवनचक्कीसाठी वजनाने व गुरुत्वमध्याने जुळणारी तीन पाती निवडतात.

लहान पवनचक्क्यांची पाती अद्यापही साच्यात कापड अंथरून ब्रशने व रोलरने रेझीन लावून हाताने बनविली जातात.

निर्मितीतील बहुतेक दोष डोळ्यांना सहज न दिसणारे असतात. कापडाला सुरकुती पडल्यास तेथील तंतू सरळ राहत नाहीत आणि दाबाखाली त्याच जागी भेग सुरू होते. रेझीन न पोहोचलेला कोरडा भाग, अडकलेला हवेचा बुडबुडा, चिकटद्रव्यातील पोकळी हे इतर दोष होत. पावसाळ्यात दमट हवेमुळे बाल्सा लाकूड व कापड ओलावा धरतात. म्हणून साठवणुकीच्या व कामाच्या जागेतील आर्द्रतेवर नियंत्रण ठेवावे लागते. तपासणीसाठी श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरतात. अनुभवी कामगार लहान हातोडीने ठोकून आवाजावरूनही पोकळी ओळखतात.

कामगारांचे आरोग्य हाही निर्मितीचा अविभाज्य विषय आहे. इपॉक्सी वारंवार कातडीला लागल्यास कायमची ॲलर्जी जडू शकते. पॉलिएस्टर रेझीनमधून स्टायरीनची वाफ निघते. घासकामात उडणारी काचतंतूंची धूळ डोळे, त्वचा व श्वसनमार्ग यांना त्रास देते. त्यामुळे हातमोजे, मुखपट्टी, पूर्ण अंगाचा पोशाख व हवेच्या उपशाची सोय आवश्यक मानली जाते.

चाचणी

नव्या प्रकारच्या पात्याची पूर्ण आकारात चाचणी घेणे आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६१४००-२३ या मानकात विहित केले आहे. पाते मुळापाशी भक्कम आधाराला जोडून प्रथम दोर व कप्प्यांनी ओढून वाकवितात. त्यानंतर ते लाखो वेळा हेलकावे देऊन श्रांतीची परीक्षा घेतात आणि शेवटी पुन्हा ओढून पाहतात. ही चाचणी अनेक महिने चालते.

महाराष्ट्रातील पवनचक्क्या व पात्यांचा उद्योग

भारतातील पहिले पवन प्रकल्प १९८६ मध्ये उभे राहिले. त्यांत गुजरातमधील ओखा व तमिळनाडूतील तुतिकोरीन यांच्याबरोबर महाराष्ट्रातील रत्नागिरीचा समावेश होता. त्या वेळच्या पवनचक्क्यांची क्षमता प्रत्येकी ५५ किलोवॉट होती. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व पाटण तालुक्यातील वनकुसवडे या सह्याद्रीच्या पठारांवर मोठ्या संख्येने पवनचक्क्या आल्या. पुढे धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात आणि सांगली जिल्ह्यात ढालगाव येथे प्रकल्प झाले.

तुळशी तांती यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या सुझलॉन कंपनीचे मुख्यालय पुण्यात हडपसर येथे आहे. आरंभी वस्त्रोद्योगात असलेल्या तांती यांनी विजेच्या खर्चाला पर्याय म्हणून पवनचक्क्या घेतल्या व त्यातून हा उद्योग उभा राहिला. कंपनीने आरंभी जर्मन तंत्रज्ञान घेतले. पात्यांच्या अभिकल्पाचे काम तिने नेदरलँड्समध्ये केंद्र स्थापून हाती घेतले. धुळे येथे कंपनीचा पात्यांचा कारखाना आहे.

२००८ मध्ये अमेरिकेतील काही पवनचक्क्यांच्या पात्यांना भेगा आढळल्यानंतर या कंपनीने १,२५१ पाती मजबूत करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. पात्यातील एखादी उणीव तीच रचना असलेल्या प्रत्येक पात्यात असण्याची शक्यता असते. त्यामुळे दोष लहान असला तरी दुरुस्तीचा व्याप मोठा होतो, हे या घटनेतून उद्योगाला दिसून आले.

वाहतूक व देखभाल

पात्याचे दोन तुकडे करून जागेवर जोडणे कठीण असल्याने ते बहुधा अखंडच न्यावे लागते. सह्याद्रीच्या घाटरस्त्यांवरील वळणे, गावातील अरुंद रस्ते व वरून जाणाऱ्या विजेच्या तारा यांमुळे कोणत्या पठारावर किती लांबीचे पाते पोहोचेल यावर मर्यादा येते.

महाराष्ट्रात सर्वाधिक वारा जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर वाहतो. वीज सर्वांत जास्त मिळण्याचा काळ आणि पात्याची झीज सर्वांत जास्त होण्याचा काळ त्यामुळे एकच ठरतो. ताशी २५० किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या टोकावर पावसाचे थेंब आदळून पुढच्या कडेचा रंग व नंतर आतील थर झिजतात. कड खडबडीत झाली की उत्थापक बल घटते व वीज कमी मिळते. दुरुस्तीसाठी पाऊस संपल्यानंतरचे, कमी वाऱ्याचे महिने वापरतात. प्रशिक्षित कामगार दोरावरून पात्यावर उतरून झिजलेला भाग घासतात, नवे थर लावतात व संरक्षक पट्टी किंवा रंग देतात. पाहणीसाठी आता ड्रोनचाही उपयोग होतो.

पर्यावरणीय परिणाम

फिरत्या पात्यांचा परिसरातील जीवसृष्टीवर परिणाम होतो. चाळकेवाडी पठारावर केलेले व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या विषयात वारंवार उद्धृत केले जाते. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या नसलेल्या भागाच्या सुमारे एक चतुर्थांश आढळली. शिकारी घटल्याने सरड्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या वागण्यातील भित्रेपणाही कमी झाल्याचे त्यात दिसून आले.

निवृत्त पात्यांचा प्रश्न

पात्याचे अपेक्षित आयुष्य २० ते २५ वर्षे असते. मनोऱ्याचे पोलाद, जनित्रातील तांबे व इतर धातू भंगारात विकले जातात. पात्याचे तसे होत नाही. एकदा पक्के झालेले इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर तापवून पुन्हा वितळत नाही आणि तंतू व रेझीन सहज वेगळे करता येत नाहीत. टिकाऊपणासाठी निवडलेला गुणच येथे अडचण ठरतो. अमेरिकेत अशी पाती तुकडे करून जमिनीत पुरल्याची उदाहरणे आहेत. युरोपातील काही देशांत पाती पुरण्यावर बंदी आहे.

यावर सध्या पुढील मार्ग वापरले किंवा अभ्यासले जात आहेत. पात्याचा चुरा सिमेंटच्या भट्टीत टाकल्यास रेझीन इंधन म्हणून जळते व काचेतील सिलिका सिमेंटच्या कच्च्या मालाचा भाग बनते. सिमेंस गामेसा कंपनीने २०२१ मध्ये सौम्य आम्लात विरघळू शकणाऱ्या रेझीनची पाती सादर केली. फ्रान्समधील एका प्रकल्पात २०२२ मध्ये उष्णतेने पुन्हा मऊ होणाऱ्या रेझीनचे ६२ मीटर लांबीचे पाते तयार झाले. काही देशांत जुन्या पात्यांचे पादचारी पूल व निवारे बांधले गेले आहेत.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. सातारा व धुळे जिल्ह्यांतील पहिल्या पिढीच्या पवनचक्क्यांचे नियोजित आयुष्य संपले आहे किंवा संपत आले आहे. केंद्र सरकारने जुन्या, कमी क्षमतेच्या पवनचक्क्यांच्या जागी नव्या उभारण्यासाठी २०१६ मध्ये धोरण जाहीर केले व २०२३ मध्ये ते सुधारले. उत्तम वाऱ्याच्या जागा या जुन्या पवनचक्क्यांनीच व्यापलेल्या असल्याने त्या बदलणे वीजनिर्मितीच्या दृष्टीने लाभाचे आहे. तथापि उतरविलेली पाती कोठे जाणार, त्यांचा खर्च पवनचक्कीचा मालक, पाते बनविणारा की जमीनधारक गाव सोसणार, हे प्रत्येक प्रकल्पाच्या करारातच आधी ठरविणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

पवनऊर्जा
अपारंपरिक ऊर्जा
काचतंतू
सह्याद्री
सातारा जिल्हा
धुळे जिल्हा